पाचावरची नक्षी

संगणकावरची रेघ सहाच्या आकड्यापाशी पुन्हा अडली. ताई खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पण बसली नाही.

खालच्या प्रयोगशाळेतून धाकट्या भावाचा फोन आला. तिथे तेलाची उथळ थाळी वरखाली हादरवणारं यंत्र होतं. हादऱ्यांचा जोर पुरेसा झाला की तेलावर लाटांची नक्षी उठते. जोर पाचावर असताना ती असायला हवी, असं ताईच्या गणितातून एकदा निघालं होतं. तिथपर्यंत पोचायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं.

"ताई, पाचावर तेल सपाट आहे. सकाळपासून तेच बघतोय. यंत्र न्यायला माणसं दारात येऊन उभी आहेत. तुझं गणित चुकलं, असं सरांना सांगून मोकळा होऊ का?"

"थोडं थांब."

"थांबूनच वैतागलोय."

तिने फोन टेबलावर ठेवला, बंद केला नाही. आतापर्यंत ती जोर थोडा थोडा वाढवायची आणि त्या जोराला लाट किती उंच, हे पुढचं उत्तर प्रोग्रॅमकडून काढून घ्यायची; त्या उत्तरांचीच ती रेघ होती. सहाच्या पुढे उत्तरच मिळेना. पाऊल लहान करून झालं, आणखी लहान करून झालं. शेवटी तिने जोर आपण ठरवणं सोडून दिलं. रेघ जाईल तिकडे तिच्या मागोमाग जा, जोर वाढो की घटो, असं तिने प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

रेघ मागे फिरली. साडेपाच, पाच, साडेचार. ताई नख कुरतडत बघत राहिली. चाराशी रेघ वळली आणि वरच्या अंगाने पुन्हा पुढे निघाली. पाच ओलांडलं. सहाही ओलांडलं.

"अरे, पाचावर दोन्ही खरं आहे," ती फोनवर ओणवी होत म्हणाली. "सपाट तेलही, नक्षीही. तू खालून चढत आलास, म्हणून तुला सपाटच दिसलं. सहाच्या वर ने. नक्षी उठू दे. मग सावकाश उतर."

पलीकडे कुणीतरी कुरकुरलं. "जरा दम धरा, दादा," भाऊ म्हणाला. यंत्राची घरघर वाढली.

"उठली. सगळीकडे चौकोनच चौकोन."

"आता खाली आण."

"साडेपाच. आहे अजून."

ताई उभीच होती. घरघर कमी होत गेली. माणसांची कुरकुरही थांबली.

"पाच," भाऊ कुजबुजला.

"मग? अरे, बोल की."

"हळू बोल ना, ताई," तो म्हणाला. "मोडेल."