पिवळी रेघ

मोबाइल टॉवरच्या नव्या अँटेनासमोर मीटर जिथे ओरडेल तिथे पिवळी रेघ मारायची आणि रेघेपलीकडे माणूस थांबत नाही असं लिहून द्यायचं, हे त्याचं काम. अशा शेकडो गच्च्या त्यानं डोळे झाकून उरकल्या होत्या. या गच्चीवर मात्र मीटर ओरडला तो थेट वॉचमनच्या प्लायवूडच्या खोलीत, खाटेच्या मधोमध. खाटेवर वॉचमनची म्हातारी आई आणि तान्ही पोर झोपल्या होत्या.

"काय मोजताय, साहेब?" वॉचमनच्या बायकोनं विचारलं.

"अँटेनाच्या लहरी. मर्यादेच्या तिप्पट येतायत, बाई. इथे रोज अंग टाकणं बरं नाही. रेघ इथूनच जाईल."

तिनं खोलीभर नजर फिरवली. खोली कसली, तीन पावलांत संपत होती.

"मग अलीकडे कोणाला झोपवू? सासूबाईंना की पोरीला?"

"तशी वेळच येणार नाही. मी खरं लिहितो, अँटेना हलवतील."

ती फसकन हसली. "मालकाला अँटेनाचं भाडं मिळतं. तो अँटेना हलवेल की आम्हाला? साहेब, पाया पडते. इथे कोणी राहत नाही असं लिहा."

त्यानं मान खाली घालून लिहिलं: मनुष्यवस्ती नाही. खाली साक्षीदाराचं नाव आणि पत्ता लागत होता. गच्चीवर दुसरं होतं कोण?

तिनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर गिरवत स्वतःचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"साहेब, पत्ता कुठला टाकू?"