एका चादरीला लागणारा वेळ

"मावशी, माझ्याकडे बघू नका. रोजच्यासारखं करा."

"रोज कोण असं तोंडासमोर घड्याळ धरून बसतं गं? माझ्या सासूनंसुद्धा मला एवढं मोजलं नव्हतं!"

इस्पितळाच्या लाँड्रीत हशा पिकला. मोजणीवाली बाई हसली नाही. सकाळपासून तिचे पाय ठणकत होते. एकवीस वर्षं ती हेच करत आली होती. बिस्किटांच्या कारखान्यात पुडे मोजले, बँकेत खिडकीपुढची माणसं, टपाल कचेरीत शिक्के. मोजून झालं की यादी लागायची आणि यादीतला शेवटचा माणूस महिन्याभरात घरी जायचा. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तिचा आपला एक नेम होता, नोंदीत खोटं लिहायचं नाही. तेवढ्यावर रात्री झोप लागायची.

इथले नवे साहेब तर आडवळण न घेताच बोलले होते. "सगळ्यांना मोजत बसू नका. सगळ्यात हळू कोण आहे, तिचीच वेळ आणा."

त्यावर आणखी काय विचारायचं?

मावशींनी चादर झटकली, पसरली, तिच्यावरून सावकाश तळहात फिरवला आणि घडी घातली. बावन्न सेकंद. पुढची चौपन्न.

"हात कशाला फिरवता?"

"एकदा सुई राहिली होती. पेशंटच्या पाठीत गेली बिचाऱ्याच्या."

"बाकीच्या नाही फिरवत?"

"फिरवतात की. पण त्यांचे हात तरणे. ती दाराजवळची तर पस्तिसात उरकते, वारा आहे नुसता! दुसऱ्या कुणाला जमत नाही तसं." मावशी वाकल्या. आवाज उतरला. "बाई, दीड वर्ष राहिलंय माझं. आमच्या ह्यांना अंथरुणातून उठवत नाही. तेवढं निघू दे."

मोजणीवालीनं पुढच्या चादरीची वेळ टिपली. वीस चादरी झाल्या. कागदावर सरासरीची चौकट तेवढी रिकामी होती. तिनं पेन उघडलं. मग मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि लिहिलं, पस्तीस.

इतक्या वर्षांचा नेम मोडला, तरी साहेबांच्या खोलीचा जिना चढताना पाय हलके वाटले.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"नक्की?"

"मी स्वतः मोजलंय."

"कमाल आहे. मी पंचावन्न तरी धरून चाललो होतो." त्यांनी टेबलावरची छापील सूचना ओढली, त्यातल्या मोकळ्या जागेत आकडा लिहिला आणि खाली सही केली. "बायका फार दमतात, असं कानावर होतं. म्हणून ठरवलं होतं, इथल्या सगळ्यात थकलेल्या हाताला जेवढा वेळ लागतो, तेवढा प्रत्येकीला द्यायचा. उद्यापासून सगळ्यांना पस्तीस."