एकादशीचं पाणी

करिष्मानं तोंड फिरवलं.

"आज एकादशी हाय. थेंबबी घेणार नाही मी. उद्या पारणं झालं का पेईन."

चिखलीच्या दवाखान्यातल्या खाटेवर ती थंडीनं कुडकुडत होती. सहावा महिना होता. लघवीला आग होते, हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. आज सकाळी ताप चढला, कंबर धरली, तेव्हा कुठं जीप मागवली.

"सलाईन लावलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पाणी आणि गोळ्या सुरू झाल्याच पाहिजेत. लघवीतले जंतू वर मूत्रपिंडाकडे सरकलेत. हे आटोक्यात आलं नाही तर दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होतील."

शकीला सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. "अवो, आमच्यात पोटुशीले रोजाबी माफ असते. तुमचा देव एवढा कडक हाय काय?"

"देव नाही वो, इची सासू कडक हाय!" विमलबाई हसल्या. गावातलं बायांचं भजनी मंडळ त्याच चालवायच्या. जीपमधून सोबत आल्या होत्या. "आमच्या जनकाबाईसारखी निर्जळी आजूबाजूच्या गावात कोणाची नाही."

खरंच होतं ते. एकादशीला तर नाहीच, पण भजनाला बसायचं असो, लग्नाला जायचं असो, जनकाबाई घरातून निघायच्या आधीपासून पाण्याला शिवत नसे. कुणी गादी पुढं केली तरी भुईवर बसे. पिशवीत सोवळ्याचं म्हणून एक जास्तीचं लुगडं असे. बायांची थट्टामस्करी रंगली, की ती हळूच उठून जाई. हिचं मन संसारात नाहीच, असं बाया म्हणत आणि तिच्या पाया पडत.

करिष्माचे दात वाजत होते. "आत्याबाईनं इतके वर्षं केलं. मले मह्या लेकरासाठी एक दिवस निभावता येत नाही काय?"

खाटेच्या पायथ्याशी जनकाबाई उभी होती. 

"विमलबाई, तुम्ही जरा बाहेर..." एवढं बोलून ती थांबली.

बाहेर पाठवलं असतं तर गोष्ट घरातच राहिली असती. पण मंडळातल्या आणखी काही सुनांनी अलीकडे निर्जळी धरली होती. तिच्याकडे पाहूनच.

"नाही. तुम्हीबी बसा," ती म्हणाली. मग सुनेच्या तापल्या पायावर हात ठेवला. "पे, माय. मह्यं व्रत देवाचं नाही."

"असं काऊन म्हणता, आत्याबाई?"

"तुह्या नवऱ्याच्या बाळंतपणाच्या वख्ताले मी लई अडली होती. तवापासून खोकली, हसली, का लुगडं ओलं होते. देवळात, चारचौघीत तसं होऊ नये म्हणून पाणी सोडलं. लोकायनं त्याले व्रत म्हटलं." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी नाही म्हटलं नाही."

विमलबाईंनी मान खाली घातली.  करिष्मानं सिस्टरच्या हातातला ग्लास घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून जनकाबाईपुढे ठेवली. ती बसली नाही.

"मावशी, बसा. बाळंतपणानं खालचे स्नायू सैल पडतात. कितीतरी बायांना होतं हे. व्यायाम आहेत, औषधं आहेत, लागलंच तर छोटं ऑपरेशन. हे दुखणं इतकी वर्षं अंगावर का काढलंत?"



"दुखणं?" जनकाबाई म्हणाली. "मी त् पाप समजून सोसत होती, बाई."