रबराचा रस्ता

ब्राझीलमधल्या मनाउस शहराच्या नव्यानं उजळलेल्या जुन्या नाट्यगृहात वाद्यवृंदाची तालीम ऐकायला जुसारा सासूबाईंच्या आग्रहानं आली, पण मांडीवरच्या तान्ह्या राउनीची तिला धास्ती होती. "रडला तर लोक खातील मला!" "हा कसला रडतोय? अगं, घोड्यांच्या टापा आत ऐकू येऊ नयेत म्हणून पूर्वी बाहेर रबराचा रस्ता करावा लागला. आपलं बाळ रबराशिवायच गप्प!" सासूबाई हसल्या. राउनी छतावरच्या झुंबराकडे बघून हसत होता. तेवढ्यात रंगमंचावर झांजा कडाडल्या. सासूबाई खुर्चीतून उडाल्या, शेजारच्या बाईचा हातपंखा पडला. राउनीची पापणीही लवली नाही. "बघ, किती शहाणा!" सासूबाईंनी त्याचा मुका घेतला. जुसारा त्याच्या कानाशी वाकली. "राउनी." मग सगळा जीव एकवटून, "राउनी!" वादक थांबले. नाट्यगृहातली प्रत्येक मान वळली. राउनी झुंबराकडेच बघत हसत होता.