गाडी नीट झाली की

बाबा गेल्यावर तिनं वाटणीत फक्त त्यांची जुनी गाडी मागून घेतली. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत ते एकदाही तिच्या घरी आले नव्हते. "गावातल्या गावात चालते गं, पण लांब निघालं की दगा देते. स्पार्क वीक आहे. नीट झाली की येतोच," असं दर वेळी फोनवर म्हणायचे, आणि ती त्या गाडीच्या नावानं बोटं मोडायची.

आता निदान गाडी तरी आपल्या दारात यावी, म्हणून ती बाबांच्या नेहमीच्या मेकॅनिककडे घेऊन गेली. त्यानं प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि तिला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पडली, पण पिवळट, मरतुकडी.

"कॉइल कामातून गेलीय. अर्ध्या तासाचं काम."

"मग इतकी वर्षं केलं का नाही?"

"काकाच करू देईनात." तो हसला. "तुम्ही त्यांच्या सूनबाई ना?"

तिनं खोटंच होकारार्थी मान हलवली.



"मग सांगायला हरकत नाही. म्हणायचे, 'राहू दे रे तशीच. नीट झाली तर लेकीकडे जावं लागेल.'"