तीन मिस्ड कॉल

अप्पांनी फोन उचलला नाही. ते कधीच उचलत नसत. जन्मभर तारखात्यात नोकरी केल्यामुळे शब्द खर्चायला त्यांचा हात आखडायचा, म्हणून लेकाशी त्यांनी मिस्ड कॉलची भाषा ठरवली होती. एक आला तर सगळं खुशाल, दोन आले तर घरी येतोय, तीन आले तर गोड बातमी. बोलणं फुकट झालं तरी ती बदलली नव्हती.

प्रसूतिगृहाच्या जिन्यात उभ्या श्रीरंगने बाळ जन्मतःच गेल्याचं सांगायला पहिला फोन केला, तेव्हा यातलं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. दुसराही वाजून वाजून थांबला. “उचला ना अप्पा,” म्हणत त्याने तिसरा लावला.

थोड्याच वेळात शेजारच्या काकूंचा फोन आला. “अरे, अप्पा आणून ठेवलेले पेढे वाटत सुटलेत. घे, बोल त्यांच्याशी.”

“मुलगा की मुलगी, एवढंच सांग,” अप्पा म्हणाले. “बाकीचं पोचलं.”

श्रीरंगने तोंड उघडलं, पण पलीकडे फक्त हुंदका गेला.

“रडतोस काय वेड्या,” अप्पा समजुतीने म्हणाले. “तुझ्या वेळी मीही असाच रडलो होतो.”