खिशातली चार बोटं

चार बोटं वर केली की काम भागणार होतं. अंपायरनं मान डोलावली असती, डेस ओक्स एकही चेंडू न खेळता निमूट पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला असता, आणि लॉनी स्टबलफील्डचा तीस वर्षांचा विक्रम शाबूत राहिला असता. पण लॉनीनं दोन्ही हात जाकिटाच्या खिशात खुपसले आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पायाशी थुंकली.

बेसबॉल लीगच्या अजिंक्यपदाचा सामना होता. शेवटचा डाव, गुण बरोबरीत. डेसच्या संघाचे दोन गडी बाद झाले होते आणि त्यांचा एक जण तिसऱ्या बेसवर टपून बसला होता. तो घरच्या बेसला पोचला की खेळ खलास. अशा वेळी बॅट घेऊन आला तो डेस. वय चाळीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. कारकिर्दीतले त्याचे होमरन, म्हणजे कुंपणापार मारलेले टोले, लॉनीच्या होमरनइतकेच झाले होते, अगदी बरोब्बर. आणखी एक मारला की विक्रम त्याचा. उद्यापासून तो बॅट खुंटीला टांगणार, हे गावातल्या न्हाव्यालाही ठाऊक होतं.

लॉनी आता समोरच्या संघाचा मॅनेजर होता. एकोणिसाव्या वर्षी डेस लीगमध्ये आला, तेव्हा त्याला बॅट धरायला शिकवली ती लॉनीनंच. त्यामुळे दोन आठवडे पत्रकार लॉनीच्या मागे हात धुऊन लागले होते. विक्रम मोडेल का, असं कुणी विचारलं की म्हातारा मिशीत हसून सांगायचा की मोडायला हात लागतात, आणि तसे हात त्याला तरी अजून दिसले नाहीत.

लॉनीच्या संघाचा कॅचर रूबेन किंतानिया मुखवटा वर सारून त्याच्याजवळ आला.

"कोच, पहिला बेस रिकामा आहे. याला फुकट सोडा. पुढचं पोरगं परवा आलंय, त्याला झोपेतसुद्धा बाद करू."

"आणि उद्या लोक काय म्हणतील? म्हातारा घाबरला, विक्रम उराशी धरून बसला. नाही. त्याला चेंडू टाका. छातीशी, जोरात. चाळिशीतली मनगटं तिथं पोचत नाहीत. माझी तरी कुठं पोचत होती?"

रूबेननं चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे पाहिलं. कोडी ब्रँडवोल्ड आठ वर्षं याच संघात घाम गाळत होता आणि अजिंक्यपदाचा करंडक त्यानं फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता. त्यानं एकदा रिकाम्या पहिल्या बेसकडे नजर टाकली आणि चेंडू बोटांत फिरवत राहिला.

लॉनीची बोटं वर येत नाहीत हे प्रेक्षकांच्या ध्यानात आलं. आधीपासूनच हुर्यो उडवायच्या तयारीत बसलेले लोक उभे राहिले आणि चक्क त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. परक्या गावात, परक्या मॅनेजरसाठी. लॉनीनं टोपीला हात लावला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. असं मन मोठं करायला छाती लागते, असं त्याला वाटलं, आणि आपली छाती तेवढी आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

त्यानं हात हलवून क्षेत्ररक्षक उजवीकडे सरकवले. डेस डावखुरा. त्याचे टोले जन्मभर उजव्या बाजूलाच गेलेले. तिसऱ्या बेसचा रखवालदारसुद्धा लॉनीनं तिकडे पिटाळला. डावी बाजू ओस पडली.

पहिला चेंडू छातीशी आला. डेसनं सारं अंग पिळून बॅट फिरवली, आणि बॅटला लागली ती नुसती हवा. कुंपणापलीकडे विक्रमाचा चेंडू झेलायला हातमोजे घालून उभे असलेले लोक हळहळले. लॉनीनं रूबेनकडे पाहून भुवई उंचावली. सांगितलं नव्हतं का?

डेसनं कपाळाचा घाम पुसला. तिसऱ्या बेसवरच्या आपल्या गड्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखी बॅट खांद्यामागे उचलली.

दुसरा चेंडू त्याच जागी आला. तो येता येता डेसचा एक हात बॅटवर वर सरकला, बॅट आडवी झाली आणि चेंडू तिला नुसता टेकला. वीस वर्षांत या माणसानं असला भित्रा फटका मारलेला कुणी पाहिला नव्हता. चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेकडे घरंगळत निघाला, जिथं चिटपाखरू नव्हतं. कोडी धावला, वाकला, वळून त्यानं पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. डेस दोन्ही गुडघ्यांवर लंगडत, दात खाऊन पळत होता. चेंडूच्या आधी त्याचा पाय बेसवर पडला. तिकडे त्याचा गडी केव्हाच घरी पोचला होता.

क्षणभर मैदानाला काही कळलंच नाही. मग कल्ला उठला. सोबत्यांनी डेसला खांद्यावर घेतलं. इकडे कोडी तिथंच गवतात बसला आणि त्यानं हातमोज्यात तोंड लपवलं.

पण हरल्यावर हात मिळवायला जायचं असतं. लॉनी गेला. डेसचा हात त्यानं हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"गाढवा, एक टोला मारला असतास तर विक्रमही तुझा होता आणि सामनाही. शेवटची संधी होती तुझी. हातात येऊन कसा रे सोडलास?"

"पहिल्या चेंडूलाच कळलं, कोच. तिथं माझी मनगटं पोचत नाहीत. मला सामना जिंकायचा होता." डेसनं गवतात बसलेल्या कोडीकडे पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. "आज विक्रमासाठी खेळला तो एकच जण, आणि तो मी नव्हतो."